घोषणा द्यायला तोंड उघडले पाहिजे

मागच्या जिल्हा बैठकीची गोष्ट. दुपारची पंगत उठली आणि नेहमीप्रमाणे मांडवाच्या कडेला चार-पाच घोळके जमले. कोणाच्या तळहातावर प्लास्टिकच्या कागदात घोळलेला मावा, कोणाच्या खिशात पुडी, जुन्या मंडळींच्या मांडीवर चंची आणि अडकित्ता. दुसरे सत्र सुरू करायचे म्हणून घोषणांसाठी आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याचे नाव पुकारले. हा गडी म्हणजे बैठकीचा आवाज. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. रास्ता रोकोत त्याची आरोळी ऐकून ट्रकवाले आपण होऊन इंजिन बंद करीत. तो उठला नाही. हातानेच नको म्हणाला. लोकांना वाटले, रुसला असेल. पदाधिकाऱ्यांच्या निवडीत डावलले म्हणून बसला असेल.

आम्ही जवळ जाऊन विचारले तेव्हा कळले की त्याचे तोंडच उघडत नाही. वरच्या आणि खालच्या दातांत जेमतेम एक बोट जाते. भाकरी आमटीत कुस्करून, चिमटीने आत सारावी लागते. ठेच्याकडे तर दोन वर्षे त्याने पाहिलेले नाही. हिरवी मिरची लांबच, साधी फोडणी लागली तरी गालात निखारा ठेवल्यासारखे होते. पंगतीत तो नुसता ताक-भात कालवून बसला होता आणि वाढणारे आग्रह करीत होते, "अहो, पाटील, लाजता काय?"

या माणसाने जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. बिडी नाही, मिश्री नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. त्याने खाल्ली ती फक्त सुपारी. लहानपणी आईच्या पानाच्या डब्यातली खांडे, मग कॉलेजात असताना सुगंधी सुपारीची पुडी, मग बिनतंबाखूचा पानमसाला. आम्हीच कितीदा त्याच्या हातून चिमूटभर घेतली आहे. "तंबाखू नाही ना, मग काय होते?" हे त्याचे वाक्य होते. खरे सांगायचे तर ते आपल्या सगळ्यांचेच वाक्य आहे. आज जे लिहायचे आहे ते त्या वाक्याविषयी.

आधी एक कबुली. या पानांवर आजवर भावाविषयी, विजेविषयी, कर्जाविषयी, आयात-निर्यातीविषयी रकाने भरले; तोंडात काय घोळते याविषयी एक ओळ लिहिली नाही. त्याला कारण होते. शेतकरी कर्जात का बुडतो असे कोणी विचारले की शहरातले शहाणे एका दमात सांगतात: लग्नात खर्च करतो, व्यसन करतो, आळशी आहे. ही थाप आपण चाळीस-पन्नास वर्षे खोडून काढीत आलो. शेतकरी बुडाला तो उत्पादनखर्चसुद्धा न भरणाऱ्या भावाने बुडाला, पुडीने नव्हे, हे आम्ही आजही तितक्याच ठामपणे म्हणतो. पण त्या वादात आपली बाजू लंगडी पडू नये म्हणून आम्ही गालातल्या सुपारीकडे काणाडोळा केला. शत्रूच्या हाती कोलीत द्यायला नको, असा हिशेब केला. त्या हिशेबात आपलीच माणसे जळाली. आता ही चूक पुढे चालवायची नाही.

सुपारीत नेमके आहे तरी काय? तिच्यात अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते अंगात भिनले की कानशिले गरम होतात, कपाळाला घाम येतो, छाती धडधडते, भूक मरते आणि कामाला हुशारी आल्यासारखे वाटते. नवख्याला ते सोसत नाही. त्याला गरगरते, घसा आवळल्यासारखा होतो. तेव्हा आपण म्हणतो, "सुपारी लागली." आपल्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण सुपारी 'लागते' हे तिला ठाऊक होते. उसाची कांडी कोणाला लागत नाही, शेंगदाणा लागत नाही. सुपारी लागते, आणि नंतर तिची सवय लागते. चुना लावला की हे द्रव्य आणखी लवकर शोषले जाते, शिवाय चुन्याने तोंडातली त्वचा सोलवटते. म्हणजे दारही उघडले आणि पाहुणाही आत घेतला.

आता तोंड का आवळते ते पाहू. एकाच खोलीवर वर्षानुवर्षे नांगर चालवला की तासाखाली जमिनीचा एक टणक थर बसतो. वरून रान भुसभुशीत दिसते, पण मुळी खाली उतरत नाही. गालाच्या आतल्या मऊ त्वचेखाली सुपारी असाच थर बसवते. तिच्यातल्या द्रव्यांमुळे तिथे घट्ट तंतू तयार होत जातात, आणि शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. आधी तोंड आग करते, फोड येतात. मग गालाचा आतला भाग पांढुरका पडतो. जीभ आखडते, शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाही. बोट घालून पाहिले तर गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हे नाव पाठ करण्याची गरज नाही. आपली उभी तीन बोटे एकावर एक धरून दातांच्या मध्ये जातात का, एवढे प्रत्येकाने आज रात्री पाहावे. जात नसतील तर डॉक्टर गाठावा.

हा आजार १९५२ साली पहिल्यांदा नोंदला गेला तो पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या आपल्याच देशातल्या बायकांच्या तोंडात. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एका डॉक्टरांनी इथले रुग्ण नोंदवले. म्हणजे गुटख्याची पुडी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा होती ती फक्त सुपारी. पुडी आली १९७०-८०च्या दशकांत. विड्यात ओले पान असते, कात असतो, चार वेळा थुंकले जाते. पुडीत जवळपास सगळी सुकी सुपारीच. ती दिवसभर गालात राहते. त्यामुळे जो आजार पूर्वी उतारवयात दिसे तो विशी-पंचविशीतल्या पोरांत दिसू लागला. आमच्या तालुक्याच्या गावी दात काढणारा डॉक्टर सांगतो, की हल्ली पेशंटच्या दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही, कारण तोंडच उघडत नाही. पेशंट कोण? बारावी नापास झालेला, वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा.

गोष्ट इथे थांबली असती तरी एक वेळ सोसले असते. पण या आवळलेल्या तोंडात पुढे कर्करोग होतो. केरळात अशा रुग्णांवर सतरा वर्षे नजर ठेवून डॉक्टरांनी पाहिले तेव्हा शंभरातल्या सात-आठ जणांना कर्करोग झालेला आढळला. एखाद्या बियाण्याच्या पिशवीवर 'शंभरात सात-आठ झाडे मालकाला मारतात' असे छापले तर आपण ती पिशवी घरात तरी आणू का?

"हे सगळे तंबाखूचे पाप, सुपारी बिचारी उगीच बदनाम," असे म्हणणारे भेटतात. काही सुपारी उत्पादकही तसे म्हणतात आणि त्यांचा राग आम्हाला कळतो. एके काळी शास्त्रज्ञही तेवढ्यावरच थांबले होते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगाचे संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये आहे. तिने १९८५ साली तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक ठरवला, पण बिनतंबाखूच्या विड्याविषयी पुरावा पुरेसा नाही असे म्हटले. पुढे पुरावा जमत गेला. तैवान नावाच्या बेटावर लोक सुपारी प्रचंड खातात, पण तिथे विड्यात तंबाखू घालतच नाहीत; आणि तोंडाचा कर्करोग मात्र भरपूर. तिथे तंबाखूच्या नावाने पावती फाडता येईना. त्याच संस्थेने मग २००३ साली सगळे पुन्हा तपासले आणि २००४ साली जाहीर केले, की तंबाखू असो वा नसो, विडा कर्करोगकारक आहे आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. बिडी-सिगारेटच्या धुराला ज्या पहिल्या गटात बसवले, त्याच गटात सुपारी. नुसत्या पानाला मात्र कोणी त्या गटात बसवलेले नाही. हा फरक पानमळेवाल्या भावांनी नीट ध्यानात ठेवावा, त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

सगळ्या देशाचा आकडा घ्या. तोंडात धरायची तंबाखू आणि सुपारी यांमुळे २०२२ या एका वर्षात जगात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार नवे रुग्ण झाले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतले सुमारे ८३ हजार एकट्या भारतातले. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारसुद्धा नव्हते, पण तोंडात तंबाखू धरणारे शंभरात चोवीस होते. तंबाखूशिवायची सुपारी खाणारे या चोवीसांत धरलेलेच नाहीत. आमचा पाटील त्या कुठल्याच यादीत नाही.

पैशाचे गणित करू, कारण आपली चळवळ गणितावर उभी आहे. दिवसाला दहा रुपयांच्या चार पुड्या धरा. चाळीस रुपये रोज, वर्षाचे १४,६००. एक लाखाचे पीककर्ज सात टक्क्यांनी घेतले तर वर्षाचे व्याज होते ७,०००. त्या व्याजासाठी आपण तहसीलवर मोर्चे नेले, बँकेच्या दारात बसलो. त्याच्या दुप्पट रक्कम गालातून थुंकून टाकतो आणि तिचा हिशेब घरच्या बाईला सांगत नाही. आजार झाला की पुढचे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च निघतो हे खरे. पण मुंबई-पुण्याला खेपा घालायच्या, सोबतीला एक माणूस न्यायचे, त्या दिवसांत गोठा कोणी सांभाळायचा, पाण्याची पाळी कोणी धरायची, हे कोणत्याच योजनेत बसत नाही. एकरभर रान गहाण पडते ते इथे.

आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त बोचते. आपण मालक म्हणून काय करतो? झाडीपट्टीत रोवणीच्या हंगामात बायामाणसांना बांधावर चहाबरोबर खर्रा द्यायचा रिवाज आहे. खर्रा नाही दिला तर मजूर दुसऱ्याच्या बांधीत जातात, असे तिकडचे शेतकरी सांगतात. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो तशी पुडीही देतो. पहाटे तीनला कोयता हातात घेतलेल्या माणसाला सकाळी अकरापर्यंत भूक लागू नये, यापेक्षा स्वस्त उपाय कोणता? भाकरीला वेळ लागतो, जाळ लागतो. सुपारीला काही लागत नाही. सुपारीने भूक मरते हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, म्हणून तर आपण ती देतो. शेतीमालाला भाव नाही म्हणून आपण मजुराला नीट मजुरी देऊ शकत नाही हे आपले म्हणणे खरेच आहे. पण मजुरीच्या तुटीची भरपाई त्याच्या गालातून करून घ्यायची, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? सरकार आपल्याशी जे करते, तेच आपण बांधावर करतो आहोत. कडू वाटेल, पण दुसऱ्या कोणत्या गोड शब्दांत ते सांगता येत नाही.

आता आपल्यातल्याच काही भावांच्या मनात जो प्रश्न उठला असेल, त्याकडे वळू. "तुम्ही शेतकऱ्यांची पत्रिका काढता आणि पान, सुपारी, तंबाखू ही शेतकऱ्यांचीच पिके बुडवायला निघालात?" प्रश्न रास्त आहे. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. त्यांच्या रक्तावर ही चळवळ वाढली. त्या तंबाखूची बिडी ओढून माणसे मरतात हे तेव्हाही ठाऊक होते. पण पीक कोणतेही असो, ते पिकवणाऱ्याला घामाचे दाम मिळालेच पाहिजे, ही आपली भूमिका होती आणि आहे. पिकवणाऱ्याला भाव मागणे आणि खाणाऱ्याला धोका सांगणे यांत विरोध नाही. धोका लपवून मिळालेला भाव आपल्याला नको. उसाच्या मळीपासून दारू होते म्हणून चळवळीतल्या बाया गप्प बसल्या नाहीत. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि पुढे गावोगाव दारूच्या दुकानांपुढे बाया उभ्या राहिल्या. उसाचे आंदोलन त्यामुळे थांबले नाही.

पानमळेवाल्यांची गोष्ट तर सरळ आहे. मिरज तालुक्यातल्या आरग, बेडग, नरवाड पट्ट्यात जा. शेवरी, शेवगा, हादग्यावर चढवलेले वेल, त्यांची उतरण, रोजची खुडणी. लहान मुलासारखे जपावे लागणारे हे पीक. तिथला शेतकरी सांगतो, की पानाचा बाजार कर्करोगाच्या भीतीने पडला नाही, पुडीने पाडला. टपरीवर पूर्वी पानाची टोपली पुढे असे, आता पुड्यांच्या माळा पुढे आणि पान मागे. पानाला कोणी दोषी धरलेले नाही. बडीशेप, गुलकंद, खोबरे, वेलची घालून सुपारीशिवाय विडा लावता येतो आणि तो रंगतोही. पानवाल्यांनीच हा विडा पुढे आणावा. यात त्यांचे नुकसान नाही, झाला तर फायदा आहे.

पोफळीवाल्यांचे तसे नाही, आणि तिथे आम्ही खोटा दिलासा देणार नाही. श्रीवर्धनचा रोठा, मुरूड-दिवेआगरच्या वाड्या, गोव्याची कुळागरे: नारळ-पोफळीच्या सावलीत पिढ्या वाढल्या. या वाडीवाल्याला सुपारी सोड म्हणणे सोपे, पण पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-आठ वर्षे जातात आणि झाड पुढे कित्येक वर्षे उभे असते. ते ज्वारी-हरभऱ्यासारखे पुढच्या हंगामात बदलता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि वाड्याच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सरकारची भरपाई आली ती पडलेली झाडे मोजून. त्या वेळी कोणी वाडीवाल्यापाशी बसून विचारले का, की बाबा, आता मोकळी झालेली जमीन आहे, पुन्हा पोफळच लावणार की मिरी, जायफळ, कोकम, नारळ वाढवणार? मधल्या सहा-आठ वर्षांचे पोटापाण्याचे आम्ही पाहतो, असे कोणी म्हणाले का? तैवानमध्ये पोफळी काढून दुसरे पीक घेणाऱ्याला सरकार अनुदान देते. आपल्याकडे एक खाते पोफळीची रोपे वाटते, दुसरे खाते सुपारीने कर्करोग होतो अशी भित्तिपत्रके लावते, आणि केंद्र सरकार स्वस्त परदेशी सुपारी येऊ नये म्हणून २०२३ साली आयातीची किमान किंमत किलोला २५१ वरून ३५१ रुपये करते. तिन्ही कामे एकाच तिजोरीतून. वाडीवाल्याने यातले कोणते सरकार खरे मानायचे? पोफळीवाल्याला दुसरे पीक उभे करायला लागणारी वर्षे आणि पैसा मिळाला पाहिजे, ही मागणी चळवळीने आपल्या यादीत घ्यावी असे आमचे मत आहे. ती घेतल्याशिवाय सुपारीविरुद्ध बोलण्याचा आपल्याला पुरता अधिकार नाही.

आणि बंदी? महाराष्ट्र सरकारने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ साली ती बंदी उडाली. असा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा आहे, असे ठरले. नंतर नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि जुलै २०१२ मध्ये गुटखा-पानमसाल्यावर पुन्हा बंदी आली. तेव्हापासून एकेका वर्षाचे हुकूम निघत आले. पुडी मिळायची थांबली का? आमच्या कुठल्याही गावच्या टपरीवर जा. पुडी मिळते, फक्त काउंटरखालून मिळते आणि छापील किमतीपेक्षा महाग मिळते. मधला पैसा कोणाकोणाच्या खिशात जातो ते टपरीवाल्यालाच विचारा. तो नावे सांगणार नाही, पण हसेल. पकडला जातो तो टपरीवाला. तोही बहुधा आपलाच, शेती परवडेना म्हणून टपरी टाकलेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! बंदी, परवाना आणि इन्स्पेक्टर यांनी शेतकऱ्याचे कधी भले झाले नाही आणि गालाचेही होणार नाही, असे आमचे मत आहे. प्रौढ माणसाने काय खावे हे पोलिसाने ठरवू नये. त्याला ते काय आहे हे मात्र खरेखुरे कळले पाहिजे.

पोरांची गोष्ट वेगळी. तंबाखू शाळेजवळ विकू नये, अठरा वर्षांखालच्याला देऊ नये असा कायदा २००३ सालापासून आहे. पण साध्या सुपारीत तंबाखू नाही, म्हणून ती त्या कायद्यात नाही. गावच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी ती टांगलेली असते आणि चौथीतला पोरगा दोन रुपये देऊन घेऊन जातो. त्याला देणारे आपणच. घरी पूजेला सुपारी, लग्न ठरले की सुपारी फुटली, पाहुणा आला की पानसुपारी. पोराने उचलली तर आजी म्हणते, असू दे, सुपारीच तर आहे. पूजेतली सुपारी पाटावर गणपती म्हणून बसते, तिला आमचा नमस्कार. ती गालात बसवू नये एवढेच. बायकांमध्येही हे आहे. गर्भारपणी मळमळते म्हणून सुपारी चघळतात. त्या बाळांचे वजन कमी भरू शकते असे डॉक्टर सांगतात. हे सासूबाईंनी ऐकावे म्हणून मुद्दाम लिहिले.

ज्यांना सवय आहे त्यांना आम्ही दोष देत नाही. सुटणे अवघड आहे. हे लिहिणाऱ्यांपैकी एकाने तीनदा सोडली आणि तीनदा धरली. आता चौथी खेप चालू आहे. पहिले दोन आठवडे डोके दुखते, चिडचिड होते, जेवणानंतर हात आपोआप खिशाकडे जातो. बडीशेप, भाजलेला ओवा, आवळकाठी, लवंग, जे जमेल ते खिशात ठेवावे. पुडीच्या जागी पुडीच हवी असे तोंडाला वाटते. त्याला फसवावे लागते. आवळलेले तोंड सुपारी सोडल्याने पूर्ववत होत नाही, हे खरे. डॉक्टर सुया देतात, व्यायाम सांगतात, कधी पट्टे कापतात, थोडे उघडते. पण सोडली तर पुढचे आवळणे थांबू शकते. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, कारण नसता हलणारा दात, यांपैकी काही दिसले तर गावठी मलम लावत बसू नये. कर्करोग लहान असताना सापडला तर माणूस वाचतो. आपली माणसे जातात ती बहुतेक वेळा उशिरा जातात. "ऊस जाऊ दे, मग बघू," म्हणतात. ऊस जातो, आणि मग माणूसही.

तेव्हा आमची सूचना अशी, आणि ती येत्या जिल्हा बैठकीत ठराव म्हणून मांडावी. बैठकीच्या मांडवात आणि व्यासपीठावर मावा, खर्रा, गुटखा, पुडी चालणार नाही. स्वागताच्या तबकात सुपारी असणार नाही, पान आणि बडीशेप असेल. कोणी खिशातून खाल्ली तर त्याला हाकलायचे नाही. फक्त त्याने मांडवाबाहेर जावे. ज्यांच्या शेतावर मजूर आहेत त्यांनी पुडीऐवजी न्याहारी द्यावी. खर्चाचे अंदाजपत्रक मांडून पाहावे, फार फरक पडत नाही. बैठकीच्या दिवशी सकाळी दाताच्या डॉक्टरांना बोलावून दाराशी एक टेबल मांडावे, नावनोंदणीच्या रांगेतच प्रत्येकाचे तोंड बॅटरीने पाहून घ्यावे. पुढाऱ्यांनी रांगेत आधी उभे राहावे. दोन डॉक्टरांशी आम्ही बोललो आहोत, ते येण्यास तयार आहेत. पैसे घेणार नाहीत, जेवण घेणार आहेत.

पाटलांना विचारूनच हे छापले आहे. "नाव नको," ते म्हणाले, "पण बाकी सगळे लिहा." ते बैठकीला येणार आहेत. घोषणा त्यांचा पुतण्या देईल, त्याला शिकवणे चालू आहे. शब्द जमले आहेत, ताल अजून नाही. स्वयंपाकावरच्या मायबहिणींना निरोप दिला आहे, की एका पातेल्यात बिनतिखटाची पातळ आमटी आणि मऊ भात वेगळा ठेवावा. गेल्या वेळी असा भात लागणारा एकच माणूस आपल्याला माहीत होता. या वेळी विचारल्यावर चार नावे आली आहेत.